राखणीतली झोप

कालपासून पलीकडच्या बागेत पत्र्याचे डबे वाजायला लागले आहेत. म्हणजे द्राक्षांत पाणी उतरलं. टणक मणी नरम पडले, गोडीला आले, की आमच्याकडे असंच म्हणतात. मालक चाखून बघायच्या आधी ते पाखरांना कळतं. उजाडता उजाडता साळुंक्या येतात, मागून बुलबुल येतात, आणि मग पुढचे कितीतरी दिवस कुणाला तरी बागेच्या कडेला बसून डबा वाजवावा लागतो. बाकीच्यांना हा आवाज ऐकून काय वाटतं मला माहीत नाही. माझा हात आपोआप पदराकडे जातो. अंगावरचं दूध आटून वर्षं झाली, तरी जातो. आणि मग राग येतो. कुणाचा, ते कुणाला सांगता येत नाही. बोलायला मला कधीच जमलं नाही, म्हणून लिहून बघते.

वैशू, माझी मुलगी, आता इथे बागांजवळच्याच शाळेत दुसरीत आहे. सकाळी तिला शाळेसाठी उठवता उठवता मी थकते. हाका मारते, गोधडी ओढते, ओला हात तोंडावरून फिरवते. ती भिंतीकडे तोंड करून परत झोपते. काल डबे वाजत होते तरी ती तशीच पडून होती. "आई, थांब ना थोडं," एवढंच म्हणाली. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. पाठीखालून नुसतं बोट काढलं तरी जागी होणारी पोर ती हीच. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. वाटलं, बाई, ही झोप तेव्हा कुठे ठेवली होतीस?

आमचं गाव पेठच्या वरच्या अंगाला, डोंगरात. भात निघालं, नागली घरात आली, की गावात म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात. बाकीचे जीपमध्ये दाटीवाटीनं बसून दिंडोरीकडे, वणीच्या रस्त्याला, द्राक्षांच्या बागांवर येतात. त्या वर्षी मी पहिलटकरीण होते आणि वैशूनं नुकती मान धरली होती. मुकादम म्हणाला, "लेकुरवाळी बाई हाय, तिला पाखरावर बसवा." म्हणजे राखणीवर. हात वर करून दिवसभर घडातले दाट मणी कातरून विरळायचे नाहीत, क्रेट उचलायचे नाहीत. बाभळीच्या सावलीत बसायचं, पोर शेजारी झोळीत टाकायचं, पाखरं आली की डबा वाजवायचा. बरोबरच्या बाया म्हणाल्या, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटलं होतं. पोराला झोपवायचं आणि डबा वाजवायचा, ही दोन कामं आपण एकाच बाईला, एकाच झाडाखाली देतोय, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही.

खरं तर पाखरं तोंडानं हाकलतात. चांगला राखणदार नुसत्या आरोळीनं अख्खी बाग मोकळी करतो. पण मी सासरी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. नवऱ्यानं पहिल्या दिवशी शिकवून बघितलं. तो दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "हुर्र्या हो," आणि म्हणाला, "आता तू."

मी तोंड उघडलं, आवाज आलाच नाही.

"अगं लाज कसली? इथं कोण ओळखतंय तुला?"

"पाखरं बघतात," मी म्हणाले. तो खूप हसला. मग कुठूनतरी रंगाचा रिकामा डबा आणि एक दांडकं आणून त्यानं माझ्यापुढे ठेवलं. म्हणून डबा. माझ्या लाजेपायी वैशूच्या कानाशी पत्रा आला.

वैशू प्यायला लागली की आधी घाईघाईनं ओढायची. गटगट आवाज यायचा, कपाळावर घामाचे बारीक थेंब यायचे. मग ओढ मंदावायची. डोळे अर्धे मिटायचे. हनुवटी थांबायची, काहीतरी आठवल्यासारखी परत दोनदा हलायची, परत थांबायची. ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ गालावर यायचा. त्या वेळी बाग फार चांगली दिसायची. वेलींच्या मांडवाखाली हिरवा गार उजेड, रात्रीच्या थंडीनं ओलसर राहिलेली माती, कुठेतरी ठिबकच्या नळीची टपटप. मी मनात म्हणायचे, झोपली. आता अजिबात हलायचं नाही. आणि नेमकी तेव्हाच मधल्या ओळीत एक साळुंकी बोलायची. तिला दुसरी उत्तर द्यायची.

मी हलायचे नाही. पाखरू एका घडातले दोन मणी टोचतं आणि पुढच्या घडावर जातं. फुटलेल्या मण्याचा रस खाली गळतो, मग तो अख्खा घड सडतो. हे मला ठाऊक होतं. तरी मी श्वास धरून बसायचे. मग घराकडून काकूंची हाक यायची. काकू म्हणजे आमची मालकीण, बाई मनानं वाईट नव्हती, पण तिचा आवाज बागेच्या त्या टोकापर्यंत जायचा. "अगं ए, झोपली का काय? पाखरं काय करू ऱ्हायली, दिसत नाय का तुला?"

मी डब्यावर दांडकं मारायचे. पहिल्याच ठोक्याला वैशूचे दोन्ही हात वर उडायचे, कुणी तिला झाडावरून सोडल्यासारखे. मग ती रडायची. पाखरं उडून शेजारच्या बागेत जायची, तिथला गडी डबा वाजवायचा, की ती परत माझ्याकडे. पाखरांना परत यायला जमायचं. वैशूच्या झोपेला तेवढं जमायचं नाही.

आणि पाखरं नसली तरी काय? वैशू मांडीवर असेपर्यंत दगड. उचलून झोळीत ठेवली, की डोळे टक्क उघडे. मी झोळी हलवायचे, पाठीवर थोपटायचे, पुन्हा घेऊन पाजायचे. पिता पिता झोपायची, ठेवली की उठायची. असा दिवस जायचा. कधी दोन्ही जमून यायचं, पाखरं गप्प, पोर झोळीत शांत, तर ओझरच्या विमानतळाकडून लढाऊ विमान यायचं. आभाळ फाटल्यासारखा आवाज, आणि विमान दिसायच्या आधी वैशू जागी. मी वर बघून काहीतरी पुटपुटायचे. त्या उंचीवरच्या माणसावर रागावून काय उपयोग, पण जमिनीवरच्या कुणावर रागावायची माझी हिंमत नव्हती.

नवऱ्यानं एकदा युक्ती काढली. दोरीला ओळीनं डबे बांधून ते बागेच्या पार त्या टोकाला टांगले आणि दोरीचं टोक माझ्यापर्यंत आणलं. "बसल्या जागेवरून ओढ. आवाज तिकडं, पोर इकडं." मला खूप बरं वाटलं. पाजताना हात मोकळा नसतो म्हणून मी दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळली. काही वेळ फार छान चाललं. वैशू मांडीवर सैल पडली. मी तिला अलगद पायांवर घेतलं, आमच्याकडे न्हाऊ घालताना घेतात तसं, म्हणजे उचलायला नकोच. तिनं झोपेत टाच झाडली, दोरीत पाय अडकला, आणि सगळे डबे एकदम खणाणले. तिकडचे सगळे पक्षी उठून इकडे आले. वैशू दचकली, अजून जोरात पाय झाडायला लागली, डबे अजून वाजायला लागले. माझा अंगठा दोरीत, पोर पायांवर, हात कुठे घालावा कळेना. घड विरळणाऱ्या बाया हसून हसून खाली बसल्या. "पोरगी कामाची हाय गं, आत्तापासून राखण करती," हिरामावशी म्हणाली. हिरामावशी आमच्या टोळीतली सगळ्यात जुनी बाई. मीही हसले, सगळे हसतात म्हणून. मग झाडामागे जाऊन रडले.

हल्ली मोबाइलवर बायका सांगतात, बाळाला झोपवायचं असेल तर खोली अंधारी ठेवा, घर शांत ठेवा, रोज एका वेळेला एकच गाणं म्हणा. छान स्वच्छ पलंग असतो मागे. मी ते शेवटपर्यंत बघते आणि मग मोबाइल उलटा ठेवून देते. खोटं सांगतात असं नाही. पण माझ्याकडे तेव्हा खोलीच नव्हती, अंधारी कुठून करू? बाभळीखाली जेवढी सावली तेवढाच माझा अंधार.

त्या दिवसांत मला सल्ले किती मिळाले. काकू म्हणायची, ओव्याची धुरी दे. मुकादमाची बायको म्हणायची, दृष्ट काढ, बागेत लोकांची ये-जा असते. कुणी म्हणालं घट्ट गुंडाळून ठेव, कुणी म्हणालं मोकळी सोड. हिरामावशीनं तर एकदा कमरेच्या पिशवीतून अफूची काळी बाळगोळी काढली. "दुधात उगाळून एवढीशी चाटव. दिसभर निपचित पडंल."

निपचित हा शब्द ऐकून मी वैशूला झोळीतून उचलून घेतलं. मी मान हलवून नाही म्हटलं. "मग रड," ती म्हणाली आणि ओळीत निघून गेली. तिनं तिची सगळी पोरं त्या गोळीवर वाढवली असं ती सांगायची. सगळी म्हणजे किती, आणि वाढली किती, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सांगायला सगळे यायचे. झाडाखाली घटकाभर उभे राहायचे, वैशूच्या गालाला हात लावायचे, आणि असं कर तसं कर म्हणून निघून जायचे. माझ्या हातातला डबा घ्यायचं कुणालाही सुचलं नाही. मला अजून राग येतो तो बहुतेक याचा असावा.

मग दूध पुरत नाही असं सुरू झालं. आरोग्य केंद्राच्या आशाताई वस्तीवर आल्या तेव्हा त्यांनी वैशूला झोळीत घालून वजन केलं. चांगलं होतं. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सहा महिने होईपर्यंत अंगावरचंच. पाणीसुद्धा नको. बाळ जवळ हवं म्हणून उठतं, उपाशी म्हणून नाही." मला वाटलं, आता ऐकतील. पण आशाताई गाडीवरून गेल्या आणि बागेच्या कोपऱ्यातले घड सडलेले निघाले, ते माझ्याच बाजूचे. मालक नवऱ्याला म्हणाले, "हे बघ, मी काय तुझ्यावर चिडत नाय. पण राखण होत नाय तिच्याकडनं. पोरीला गावाकडं आजीपाशी ठेव हंगामापुरती. वरचं दूध सुरू करायचं. किती पोरं वाढली तशी."

नवरा नाही म्हणाला नाही. त्याचंही बरोबर होतं, आम्हाला दोघांनाही घालवलं असतं तर परत त्या रस्त्याला कुणी कामावर घेतलं नसतं. त्यानं त्याच्या आईला फोन लावला. मी पाठ करून भाकरी थापत होते. "मंगळवारी ये," तो म्हणाला, "तिला घेऊन जा." मला कुणी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन बोलले नाही. छाती भरून आली होती, ब्लाउज ओला झाला होता. तिला मंगळवारी नेलं तर बुधवारी या दुधाचं मी काय करायचं, असा एक वेडा विचार माझ्या डोक्यात फिरत राहिला. त्याच्या पुढचा विचार मी करू शकले नाही.

मंगळवारपर्यंत वैशू एकदा, फक्त एकदा, दिवसाउजेडी सलग झोपलेली सगळ्यांना दिसली पाहिजे, असं मी ठरवलं. तिला एकच बाजू पोटभर पाजून बघितली. दोन्ही पाजून बघितल्या. खांद्यावर घेऊन ढेकर काढला, फिरवलं, झोळीत माझी जुनी साडी अंथरली. मी तिच्याशी भांडायचेसुद्धा. "झोप ना गं बाई. तुझ्यासाठीच सांगते. झोपलीस तर राहशील." ती माझ्या तोंडाकडे बघून खुदकन हसायची. जागी असताना तिच्याइतकं गुणी पोर नव्हतं.

मंगळवारी आत्या आल्या. माझ्या सासूला मी आत्या म्हणते. काटक बाई, कमी बोलणारी, बोलली तर धारदार. जीपमधून उतरून तडक बागेत आल्या, पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर बसल्या. मी पाजत होते. चेहरा धुतला होता तरी आत्यांनी माझ्या डोळ्यांकडे बराच वेळ बघितलं.

"जेवतीस का?"

"हो."

"खोटं बोलतीस."

वैशूची ओढ मंद झाली. तेवढ्यात पाखरं उतरली. आवाजावरून मोठा थवा होता. मी डब्याकडे हात नेला, तर आत्यांनी मनगट धरलं. "बस," म्हणाल्या. डबा त्यांनी आपल्याकडे ओढला आणि दांडकं मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता त्या उठून पलीकडच्या टोकाला जातील आणि वाजवतील. मी बाभळीच्या बुंध्याला डोकं टेकलं. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन पार दुसऱ्या बाजूला गेलं होतं. वैशू माझ्या मांडीवरच, तोंड उघडं, मुठी सुटलेल्या. आत्या तिथेच बसल्या होत्या, गवताच्या काडीनं तिच्या तोंडावरच्या माश्या वारत. आणि समोरच्या ओळींत पाखरांचा बाजार भरला होता. इतकी पाखरं मी त्या हंगामात एकदम बघितली नव्हती. ती उडतही नव्हती, पोट भरल्यासारखी तारांवर बसून बोलत होती.

"आत्या, पाखरं," मी म्हणाले.

"दिसतात मला."

"वाजवलं नाही?"

"तुम्ही दोघी झोपल्या होत्या," त्या म्हणाल्या, जणू मीच काहीतरी खुळं विचारलं.

तेवढ्यात काकू धावत आली. तिनं ओळी बघितल्या आणि डोक्याला हात लावला. "आजी, तुम्ही इथं बसून काय करू ऱ्हायल्या? एवढं नुकसान डोळ्यानं बघितलं?"

"बघितलं," आत्या म्हणाल्या. "तुम्ही ओरडू नका, पोर उठंल."

"आमच्या बागेत आम्ही ओरडायचं नाय?"

"ओरडा. पण मग तिला तुम्ही झोपवा."

काकूला दोन लेकरं होती, घरी मोठं अंगण होतं, सांभाळायला माणसं होती. ती माझ्याकडे बघून वळली. स्वतःच टाळ्या वाजवत ओळींत शिरली.

राखण माझ्याकडून गेली ती गेलीच. मालक चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्षभराचं पीक होतं ते. मला शेडमध्ये घड निवडायला, क्रेट भरायला उभं केलं. उभं काम, सावली पत्र्याची. नवरा आईला म्हणाला, "आता तरी घेऊन जा तिला." आत्या म्हणाल्या, "अंगावरचं पोर मी कुठं नेऊ? मला दूध हाय का?" आणि पिशवी आमच्या खोपटातल्या खुंटीला अडकवून टाकली. घरी दोन शेळ्या होत्या, त्या शेजारणीवर सोडून त्या हंगाम संपेपर्यंत राहिल्या. मला बरं वाटलं का? वाटलं असणार. पण तेव्हा आधी मनात आलं ते हेच, की माणूस एकच लागत होता. इतके दिवस एकच माणूस हवा होता.

वैशूला भूक लागली की आत्या तिला पाठीशी बांधून ओळींमधून चालत शेडपर्यंत यायच्या. मी हात धुऊन क्रेटच्या थप्पीमागे बसून पाजायचे. पहिल्या दिवशी ती पिता पिता झोपली. आत्यांनी हात पुढे केले, तिला उचललं, खाली अंथरलेल्या पोत्यावर ठेवलं. डोळे टक्क उघडले आणि रडं सुरू. मी परत घेतलं. परत झोपली. आत्यांनी परत ठेवली, परत उठली. असं चाललं. सहा बाळंतपणं झालेली बाई, पण कपाळावर घाम आला.

"ही काय पोर हाय गं," त्या म्हणाल्या. "कशी झोपवतीस तू हिला?"

मला कुणी हे आजवर विचारलं नव्हतं. सगळे सांगायचेच. मी बोलायला लागले आणि मलाच कळेना, एवढं माझ्याजवळ कधी साठलं. "लगेच उचलायचं नाही, आत्या. डोळे मिटले म्हणजे झोपली असं नसतं. मूठ बघायची. मूठ आपोआप सुटली आणि हात उचलून सोडला तर ओल्या फडक्यासारखा पडला, की मग. पोतं आधी आपल्या अंगाखाली धरून गरम करायचं. ठेवताना आपणही तिच्याबरोबर खाली वाकायचं, छातीला लावूनच. आधी बूड टेकवायचं, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. आणि हात काढायचा नाही. पोटावर तसाच ठेवायचा, हलका करत करत, तिला कळणार नाही असा."

आत्या मन लावून ऐकत होत्या. मी सांगितलं तसं त्यांनी सगळं केलं. मुठीची वाट बघितली. पोत्यावर स्वतः बसून ते गरम केलं. वाकल्या, बूड टेकवलं, पाठ टेकवली, डोकं टेकवलं. पोटावर हात ठेवून त्या किती वेळ तशाच ओणव्या राहिल्या. मग एकेक बोट करून हात काढला.

वैशूनं डोळे उघडले, आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि भोकाड पसरलं.

आत्या मटकन खाली बसल्या. "अन् तू हे एकटीनं करत होतीस?"

मी पदर बाजूला करून वैशूला घेतलं, आणि आम्ही परत पहिल्यापासून सुरुवात केली.